ग्लॉस्टरची गिरणी आणि उद्यमनगरचा कागद

हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या जुन्या इंग्रजी खटल्याचं नाव एलएलबी केलेल्या सगळ्यांनी घोकलेलं असतं. करार कायदा, कलम ७३, नुकसानभरपाई, झालं. मीही कोल्हापुरात तसंच घोकलं. इंग्लंडात ब्रिस्टलला आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या एलएलएमला (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीला) आल्यावर मूळ निकालपत्र नीट वाचलं, तेव्हा वाटलं, अरे, हे तर आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांमधलं भांडण!

ग्लॉस्टर इथून जवळच, रेल्वेनं तासाभराच्या आत. तिथं वाफेवर चालणारी एक गिरणी होती. इंजिनाची क्रँकशाफ्ट, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, मोडली आणि गिरणी बंद पडली. नवी शाफ्ट बनवणारे ग्रीनिचचे, त्यांना पॅटर्न, म्हणजे नमुना, म्हणून जुनी शाफ्ट हवी. वाहतूकदाराच्या हलगर्जीपणामुळं ती उशिरा पोचली, गिरणी आणखी काही दिवस थांबली. बुडालेला नफा वाहतूकदारानं द्यायचा का? १८५४ मध्ये कोर्ट म्हणालं, नाही. एक शाफ्ट अडकली म्हणून अख्खी गिरणी थांबेल, हे त्याला कुठं माहीत होतं? गिरणीवाल्याकडं जादा शाफ्ट असेलच की, असं कुणीही धरून चालेल.

जुना पार्ट पॅटर्नला पाठवायचा आणि ट्रान्सपोर्टवाल्यानं तो गोडाऊनला टाकून ठेवायचा, हे आमच्या घरी जेवताना ऐकायचे विषय. काकांची कोल्हापूरजवळ शिरोलीला छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ७३ खाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यातही एक बंद पडलेली गिरणी आहे. तिथं मालकानं वाहतूकदाराला आधीच सांगितलेलं असतं की मशीन नाही म्हणून गिरणी बंद आहे. म्हणून त्याला बंद काळातला सरासरी नफा मिळतो. बुडालेल्या सरकारी कंत्राटाचे पैसे मात्र मिळत नाहीत, कारण ते सांगितलेलंच नव्हतं. काकांना फोनवर म्हटलं, बुकिंग करतानाच पावतीवर 'हा पार्ट नाही म्हणून काम बंद आहे' अशी एक ओळ लिहून घेत जा. ते म्हणाले, "तसं लिवलं तर तो माल उचलतोय व्हय?" हा मुद्दा निकालपत्रात नाही.

कोर्स एक वर्षाचा, १८० क्रेडिटचा. दोन टर्म वर्ग, उन्हाळ्यात प्रबंध. इथं कलम काय म्हणतं ते विचारत नाहीत. दोन पानांची भानगड पुढं टाकतात आणि म्हणतात, विक्रेत्याला सल्ला द्या. माझ्या सेमिनारला तुर्की, नायजेरियन, ग्रीक, चिनी पोरं आहेत. ग्रीकांना जहाज कळतं, चिन्यांना कारखाना कळतो. मला रिजेक्शन, म्हणजे ग्राहकानं माल नापास करणं, कळतं, कारण लहानपणापासून घरात तोच एक इंग्रजी शब्द सर्वांत जास्त ऐकला.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो इन्कोटर्म्सनी, म्हणजे मालाचा धोका आणि खर्च विक्रेत्याकडून ग्राहकाकडं कधी जातो ते ठरवणाऱ्या व्यापारी नियमांनी. २०२० च्या आवृत्तीत असे अकरा नियम आहेत. आपल्याकडं सगळे सवयीनं 'एफओबी न्हावा शेवा' लिहितात, म्हणजे न्हावा शेवा बंदरात जहाजावर पोच. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचा धोका विक्रेत्याचा. पण कंटेनर काही आपण स्वतः जहाजावर चढवत नाही, तो टर्मिनलवर सोपवून ट्रक परत फिरतो. मग यार्डात पडून असताना काही झालं, तर भुर्दंड शिरोलीवाल्याला. म्हणूनच नियम करणारेच सांगतात की कंटेनरला एफसीए (ठरल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात पोच) वापरा, माल सोपवला की जबाबदारी सुटली. ऐकतं कोण!

लेटर ऑफ क्रेडिटचंही तसंच. ते म्हणजे ठरलेले कागद दाखवले की विक्रेत्याला पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची हमी. यूसीपी ६०० नावाचे नियम जगभर चालतात. त्यांचं सार एवढंच की बँक माल बघत नाही, कागद बघते, आणि तेही पाच बँकिंग दिवसांत. कास्टिंग (ओतीव पार्ट) एक नंबर असलं आणि इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन क्रेडिटशी जुळलं नाही, तर पैसे अडकले. उलट कागद चोख असतील तर बँक पैसे देते, मग पेटीत काय का असेना.

मध्यंतरी काकांनी एका जर्मन ग्राहकाच्या पर्चेस ऑर्डरचा फोटो व्हॉट्सअॅपला पाठवला. पुढची बाजू. मागची कुठं आहे विचारलं तर म्हणे, "त्यात काय नसतंय गं, छापीलच असतंय." मागवून घेतली. फिकट राखाडी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. त्यात जर्मन कायदा लागू, वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी पंचांकडून निवाडा, हॅम्बुर्गला. आता गंमत बघा. देशादेशांतल्या मालविक्रीचे नियम ठरवणारा १९८० चा व्हिएन्ना करार भारतानं स्वीकारलेला नाही, ब्रिटननंही नाही. जर्मनीनं स्वीकारलाय. म्हणून 'जर्मन कायदा' असं लिहिलं आणि तो करार स्पष्टपणे वगळला नाही, की तोही आपोआप आत येतो. बऱ्याच कंपन्या वगळतात, या कागदात वगळलेला नव्हता. आणि तो काकांच्या सोयीचा आहे! ग्राहकानं माल शक्य तितक्या लवकर तपासायचा, दोष कळला किंवा कळायला हवा होता तिथून वाजवी वेळात कळवायचा, आणि काही झालं तरी ताबा मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत. नाहीतर त्याचा हक्क गेला. मशिनिंग करताना ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळी) सापडले म्हणून सावकाश डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) धाडणाऱ्याला हे विचारता येतं. विचारायला मागचं पान वाचावं लागतं.

कोल्हापुरी चपलेबद्दल वर्गात मलाच विचारतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडच्या मॉडेल्सच्या पायात आपल्यासारख्या चपला दिसल्या, तेव्हापासून तर फारच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं संरक्षण) मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे. पण भारतातली नोंदणी भारतापुरती. ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या जागतिक करारात खरं कडक संरक्षण दारूला, म्हणजे वाइन आणि स्पिरिटला. बाकीच्यांनी ग्राहकाची दिशाभूल होते हे सिद्ध करत बसायचं. हस्तकलेच्या वस्तूंसाठी युरोपियन युनियनची स्वतःची व्यवस्था १ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. तिथं अर्ज करण्यात मला निषेधाच्या पोस्टपेक्षा जास्त दम वाटतो. पण पोस्टला लाइक मिळतात.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी एक स्पष्ट सांगते. या एलएलएमनं इथं वकिली करता येत नाही. सॉलिसिटर (इथला वकील) व्हायचं तर एसक्यूई ही पात्रता परीक्षा वेगळी, तिच्या पहिल्याच टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव. एजंट हे सांगत नाहीत. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही, त्यामुळं 'तिथं कमवून फी भरू' हा हिशोबही डोक्यातून काढा. कर्ज काढून नुसता शिक्का आणायचा असेल तर येऊ नका, असं माझं मत. घरचा धंदा असेल, किंवा निर्यातदारांचे कागद बघायची हौस असेल, तर मात्र पैसे वसूल आहेत. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. माझे तिथले वर्गमित्र बेंचच्या दारातून, सीपीआर हॉस्पिटलसमोरून स्टेटस टाकतात आणि मी इथं पावसात बस बघत उभी असते. जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू.

प्रबंध लवाद-कलमावर घेतलाय. इथल्या २०२५ च्या नव्या कायद्यानं ठरवलंय की पक्षांनी वेगळं स्पष्ट लिहिलं नसेल, तर लवाद-कराराला लवादाचं कायदेशीर ठिकाण जिथलं ठरलं असेल तिथला कायदा लागू होईल. कोल्हापूर, हातकणंगले, इचलकरंजीचे निर्यातदार अशा कलमांवर काय बघून सही करतात, ते मला शोधायचंय. कुणाच्या कपाटात परदेशी ग्राहकाचे जुने करार असतील तर नावं आणि रेट खोडून पाठवा. पहिली पानं नसली तरी चालतील. मागची छापील बाजू तेवढी नीट उजेडात धरून फोटो काढा.