म्हाताऱ्याचाही मुलगाच की तो

शनिवार, रात्र

आज अखेर 'हे आर्नॉल्ड! द जंगल मूव्ही' हा लहानपणच्या कार्टून मालिकेवरचा चित्रपट बघून झाला. २०१७ च्या नोव्हेंबरात तिकडे अमेरिकेत टीव्हीवर आला, तेव्हापासून धाकटा मागे लागला होता. ताई बघ, ताई बघ. मी टाळत होते. ज्या गोष्टीचा शेवट लहानपणी मिळाला नाही, तिचा शेवट आपण मनात केव्हाच लावून घेतलेला असतो आणि त्याला कुणी हात लावू नये असं वाटतं.

आज दुपारपासून इंदुरात पावसाने झोडपलंय. रामबागेतली वीज दोनदा जाऊन आली. आई-बाबा मावशीकडे अडकलेले. माझे आजोबा, नाना, दुपारची झोप झाल्यामुळे टक्क जागे होते आणि मला सुचलं की आजच बघावा, नानांसोबत. लॅपटॉप स्टुलावर ठेवला.

"कोण गं हा?"

"तोच, नाना. आडव्या डोक्याचा."

"अजून शाळेतच आहे?"

"पाचवीत गेलाय." आणि ते खरंच आहे. चित्रपटात मालिकेनंतरचं एकच वर्ष उलटलंय. आमची इकडे दहावी, बारावी, नोकऱ्या, सगळं होऊन गेलं.

आमच्या पिढीतल्यांना सांगायला नको, पण धाकट्याच्या मुलीने कधी हे वाचलंच तर तिच्यासाठी लिहून ठेवते. आर्नॉल्ड हा हिलवूड नावाच्या शहरात आजी-आजोबांबरोबर राहणारा मुलगा. फिल आजोबा आणि गर्टी आजी जुन्या घरातल्या खोल्या भाड्याने देतात. भाडेकरूंत व्हिएतनामहून आलेले मिस्टर ह्युन आहेत, इमारती पाडण्याचं काम करणारा अर्नी आहे, बायकोच्या जिवावर जगणारा ऑस्कर आहे. आर्नॉल्डचे आई-वडील नाहीत. कुठे गेले, ते कितीतरी भाग कुणी बोलतच नाही. क्रेग बार्टलेटने ही मालिका रचली, १९९६ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि ऐन शतकाच्या उंबरठ्यावर आमच्या केबलवर निकलोडियन यायला लागलं तेव्हा ती आमच्या घरात शिरली.

आमच्या घरात म्हणजे या वाड्यात. तेव्हा मागच्या तीन खोल्यांत भाडेकरू असायचे. खरगोनहून पीएमटीच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला आलेली मुलं, एम. वाय. हॉस्पिटलमधल्या केरळच्या सिस्टर, एक रिटायर्ड कंपाउंडर काका, ज्यांना आजी रोज रात्री आमटी पाठवायची. बाबा बँकेत. बदली बिलासपूरच्याही पलीकडे. तिकडे बरी शाळा नाही म्हणून मला इथे ठेवलं, आणि धाकटा लहान म्हणून आई त्याला घेऊन बाबांबरोबर. त्यामुळे आजी-आजोबांकडे राहणारा, भाडेकरूंच्या गलक्यात वाढणारा तो मुलगा मला टीव्हीतला वाटायचाच नाही. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. काही अडत नव्हतं. गर्टी आजी भलत्याच दिवशी भलताच सण साजरा करायची, नातवाला 'किंबा' म्हणायची, तर आमची आजी पदर खोचून टीव्हीसमोर बसायची आणि म्हणायची, हिला बघून मला बरं वाटतं.

पालकदिनाचा भाग मी कधीच विसरणार नाही. सगळ्या मुलांचे आई-वडील शाळेत येतात आणि आर्नॉल्डबरोबर येतात फिल आणि गर्टी. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाना धोतर-कोट घालून पहिल्या रांगेत बसायचे, त्यामुळे त्या मुलाला कुठे टोचतंय आणि तरी तो कशाचा अभिमान बाळगतोय, हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

रविवार

काल लिहिता लिहिता वीज गेली. आज पुढे.

हा शेवट इतका का रखडला, ते नोंदवून ठेवायला हवं. २००२ च्या जूनमध्ये आर्नॉल्डचा एक चित्रपट अमेरिकेत थिएटरात लागला. मुळात तो टीव्हीसाठी केलेला. वस्ती वाचवण्याची गोष्ट होती. थिएटरात तो चालला नाही. आर्नॉल्डच्या आई-वडिलांचं काय झालं, हे सांगणारा जंगलातला चित्रपट ठरलेला होता, तो मग बासनात गेला आणि बार्टलेटही चॅनेल सोडून गेला. पण त्याआधी त्या चित्रपटाची नांदी म्हणून केलेला 'द जर्नल' हा दोन भागांचा प्रसंग तयार होता. तो नोव्हेंबर २००२ मध्ये दाखवला गेला. त्यात आर्नॉल्डला वडिलांची डायरी सापडते. कळतं की माइल्स आणि स्टेला सॅन लोरेंझो नावाच्या देशात, डोंगरदऱ्यांत लपून राहणाऱ्या हिरव्या डोळ्यांच्या लोकांसाठी औषध घेऊन गेले होते आणि परतले नाहीत. शेवटच्या पानाशी नकाशा मिळतो. तो "आजोबा!" म्हणून धावतो. बस्स. पुढे काही नाही. उरलेसुरले भाग २००४ पर्यंत दाखवत राहिले आणि मालिका संपली.

नकाशा हातात देऊन पंधरा वर्षं दार बंद. मोठ्यांना यात विशेष काही वाटणार नाही, पण तेव्हा मी ज्या वयाची होते त्या वयात तो अन्याय होता, आणि मी आजही तो अन्यायच मानते. जगभरच्या मुलांनी, म्हणजे तोवर मोठ्या झालेल्या मुलांनी, वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. २०१५ मध्ये चॅनेलने होकार दिला. बार्टलेट परत आला. आर्नॉल्डच्या वर्गातल्या हेल्गाचा आवाज त्याच मूळ मुलीने, फ्रान्सेस्का मेरी स्मिथने दिला. आता ती मुलगी कसली, चांगली मोठी बाई. आर्नॉल्डचा आवाज मालिकेतही मुलांचे आवाज फुटत गेले तसे बदलत गेला होता, त्यामुळे इथे नवा मुलगा आला तरी खटकत नाही. पहिला आर्नॉल्ड, लेन टोरन, छोट्या भूमिकेत बोटवाल्याचा आवाज होऊन आलाय. हे मला फार आवडलं.

आता हेल्गा. चित्रपट खरा तिचा आहे. आर्नॉल्डला 'फुटबॉल-डोक्या' म्हणून दिवसभर छळणारी, मोठ्या बहिणीच्या कौतुकात घरच्यांनी विसरलेली, आणि गळ्यातल्या बदामाच्या लॉकेटमध्ये त्याचाच फोटो ठेवणारी. मालिकेत ती मानसशास्त्रज्ञ डॉक्टर ब्लिसपुढे बसते तो भाग मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. बालवाडीचा पहिला दिवस. घरी सगळे बहिणीच्या पियानोत गुंग. ही एवढीशी पोर एकटीच पावसात, चिखलाने माखून शाळेत निघते. शाळेपाशी गाडीतून एक मुलगा उतरतो, तिच्या डोक्यावर छत्री धरतो आणि म्हणतो, तुझी रिबन छान आहे, तुझ्या पॅन्टसारखी गुलाबी आहे म्हणून. तिच्याकडे त्याआधी कुणी बघितलंच नव्हतं. त्या एका छत्रीवर मुलीचं सगळं बालपण उभं आहे. मुलांच्या मालिकेत इतकं खरं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि ही मुलगी देते, पण कळू देत नाही. नाताळच्या भागात मिस्टर ह्युन सांगतात की युद्धात आपली तान्ही मुलगी हेलिकॉप्टरमधल्या सैनिकाच्या हातात सोपवावी लागली, तेव्हा आर्नॉल्ड तिला शोधायला निघतो. शोधून देणारा कारकून अडून बसतो, कारण त्याला स्वतःच्या मुलीसाठी एका महागड्या ब्रँडचे बर्फात घालायचे बूट हवे असतात आणि ते गावभर संपलेले. हेल्गाला त्याच दिवशी तेच बूट भेट मिळालेले असतात, तिच्या मनातले. ती ते काढून देते. बाप-लेकीची भेट होते आणि आर्नॉल्डला कधीच कळत नाही की कुणामुळे.

म्हणून चित्रपटातला तो क्षण आला तेव्हा मी ताठ झाले. जंगलातल्या लपलेल्या नगरात सगळी मोठी माणसं झोपेच्या रोगाने वर्षानुवर्षं निजलेली आहेत, आर्नॉल्डचे आई-वडीलसुद्धा, आणि नगर मुलंच चालवताहेत. औषध सगळीकडे उधळणारं यंत्र देवळात आहे, पण ते चालू करायला जे सोन्याचं हृदय लागतं ते हातचं गेलेलं. आणि त्या खाचेत बसतं हेल्गाचं लॉकेट. ज्याच्यापासून लपवलं त्याच्या डोळ्यांदेखत. सॅन लोरेंझोची सहल मुळात मिळते तीसुद्धा तिने जमवलेल्या चित्रफितींमुळेच. म्हणजे आई-बाप सापडतात ते आर्नॉल्डच्या चांगुलपणामुळे नाहीत. तो चांगुलपणा कुणीतरी गुपचूप बघून, जपून ठेवला होता म्हणून सापडतात. बार्टलेटने इतक्या वर्षांनी हे न विसरता हिशेब चुकता केला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. बाकी खलनायक, पाठलाग, सापळे हे सगळं बेताचं. ते कुठल्याही चित्रपटात असतं.

रविवार, उशिरा

मुख्य गोष्ट लिहायची राहिलीय.

काल माइल्स आणि स्टेला डोळे उघडतात तिथे मी रडत होते. नानांना ऐकू कमी येतं, गोष्ट अर्धी मीच ओरडून सांगत होते. ते म्हणाले, "सापडले ना आई-बाप?"

"सापडले, नाना."

"आणि तो म्हातारा कुठाय?"

"तो घरी आहे. जंगलात नाही आला."

"त्याला कळवलं का कुणी?" मग थांबून म्हणाले, "त्याचाही मुलगाच की तो."

माइल्स हा फिल आणि गर्टीचा मुलगा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मालिकेत स्पष्ट आहे. पण इतकी वर्षं मी ही गोष्ट आई-वडिलांची वाट बघणाऱ्या मुलाचीच समजत आले. त्याच घरात, खालच्या मजल्यावर, दोन म्हातारी माणसं मुला-सुनेची वाट बघत होती. भाडी गोळा करत होती, नातवाचा डबा करत होती, त्याला विनोद सांगत होती. आर्नॉल्डला निदान विचारता तरी येत होतं. फिलने विचारायचं कुणाला? मला वाटतं गर्टी आजीचं ते वेड, कराटे, वेषांतरं, भलत्या दिवशीचे सण, याचा उगम कुठे असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. काल रात्री केला आणि झोप लागली नाही.

चित्रपट त्यांना त्यांचा मुलगा परत देतो, पण जंगलात जेवढा रमतो त्याच्या निमपट वेळसुद्धा त्या दोघांना देत नाही. माझी त्याच्यावर खरी तक्रार असेल तर एवढीच. मला फिलचा चेहरा बघायचा होता. घाईने नाही, सावकाश.

आणि मग मावा-बाटी. दिवाळीला बाबा-आई नर्मदा एक्स्प्रेसने यायचे. त्याच्या आदल्या संध्याकाळी नाना सराफ्यातल्या खाऊबाजारात जाऊन मावा-बाटी, ती खव्याची मिठाई, आणायचे. "पोरीसाठी आणली," असं आजीला सांगायचे. मला मावा-बाटी कधीच आवडली नाही, इतकं गोड घशाखाली उतरत नाही, आणि नानांना ते ठाऊक होतं. डबा फडताळात वर जायचा आणि दुसऱ्या दिवशी बाबा हात धुऊन आले की खाली यायचा. बाबा दोन-तीन उभ्याउभ्याच खायचे. गाडी उशिरा असली की मी फुरंगटून बसायचे, आणि नाना माझी समजूत काढत बसायचे. आता आठवतंय की समजूत काढता काढता ते स्वतः दर थोड्या वेळाने उठून फाटकापर्यंत जाऊन यायचे. पिंपळाचा कचरा झाडायला, म्हणायचे.

बाबा निवृत्त होऊन इथे परत आले तेव्हा नाना ऐंशीच्या पुढे गेले होते. आजी त्याआधीच गेली.

सोमवार

सकाळी चहाच्या वेळी विचारलं, "नाना, ती मावा-बाटी बाबांसाठी आणायचात ना?"

"कुठली?"

"दिवाळीची. सराफ्यातली."

"छे. तुझ्यासाठी." आणि पेपर वर केला. बाबा समोरच पोहे खात होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. शेव मात्र जास्तीची घेतली.

धाकट्याला फोनवर सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. त्याचं म्हणणं, चित्रपट हेल्गाचाच, म्हातारा-म्हातारीत गुंतलं तर मुलांनी काय बघायचं? तो लहानपणी तिकडे आई-बाबांजवळ होता, त्याला तो चित्रपट तसाच दिसणार. तासभर वाद घातला. फार दिवसांनी इतकं बोललो.

उद्या नानांना मिस्टर ह्युनचा नाताळचा भाग दाखवायचाय. तेव्हा त्यांनी तो अर्धाच पाहिला होता, सातच्या बातम्या लावायच्या म्हणून. मुलगी सापडते, हे त्यांना अजून माहीत नाही.