भाच्याचं पिस्तूल आणि जाड स्प्रिंग

चाप ओढला नव्हता. हे आधीच सांगतो, कारण घरात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. मी नुसती स्लाइड मागं ओढून सोडली आणि पिस्तूल आपोआप सुटलं. गोळी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एकादशीवर बसली. आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "काय पाडलास रे?"

पिस्तूल माझं नाही, भाच्याचं. एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणारं खेळण्यातलं, साधं स्प्रिंगचं. प्रत्येक वेळी स्लाइड ओढायची, एक गोळी मारायची. ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी, वजन ०.२० ग्रॅम. भाचा दिवाळीला आमच्याकडं बेळगावात शहापूरला आला तेव्हा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार सुरू. "मामा, ह्यात दमच नाही ओ. तुम्ही लेथवर एवढं काय काय करता, हे जरा पॉवरफुल करा की."

मी उद्यमबागेत टर्नर आहे. आमच्याकडं पंपांचे शाफ्ट, बुश, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग, असली कामं चालतात. "तुम्हाला जमेल" असं कुणी म्हटलं की आम्हा लोकांचा विवेक दोन दिवस सुट्टीवर जातो. माझाही गेला.

आतली स्प्रिंग काढून व्हर्नियर लावला. तार १.२ मिलिमीटर. आमच्या शेजारच्या शेडमध्ये स्प्रिंगा वळणारा एक दोस्त आहे, त्याच्याकडून तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच वेढ्यांची, पण १.५ च्या तारेची वळून घेतली. ०.३ मिलिमीटरचा फरक, त्यानं काय होतंय, असं वाटतं. पण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. तार सव्वापट, जोर जवळजवळ अडीचपट. हे मला माहीत होतं. माहीत असूनही केलं.

वेग मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून मोबाइल वापरला. पाच मीटरवर पत्र्याचा डबा, मोबाइल पिस्तुलाजवळ, रेकॉर्डिंग चालू. सुटण्याचा आवाज आणि डब्यावर बसण्याचा आवाज यांतलं अंतर रेकॉर्डिंगच्या आलेखावर दिसतं. त्यातून आवाजाला परत यायला लागणारा वेळ वजा करायचा. जुन्या स्प्रिंगला सेकंदाला साधारण ७० मीटर आले, नव्या स्प्रिंगला १०५ च्या आसपास. वेग दीडपट झाला म्हणून भाचा नाचायला लागला. मी वहीत ऊर्जा काढली: आधी ०.४९ ज्यूल, आता १.१. दीडपट वेगाला सव्वादोनपट मार. जपानमध्ये २००६ च्या कायदादुरुस्तीनंतर ६ मिलिमीटरच्या खेळण्याला साधारण ०.९८ ज्यूलची मर्यादा आहे. एअरसॉफ्टचा खेळ ज्या देशात जन्मला, त्यांनीच ठरवलेली रेघ आम्ही शहापूरच्या परसात एका संध्याकाळी ओलांडली होती.

आधी गोळी सोड्याच्या रिकाम्या कॅनला पोचा पाडायची. आता समोरचा पत्रा फोडून आत जायला लागली. एक गोळी कॅन चुकवून मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर आपटली आणि परत येऊन माझ्या गालावर बसली. मी ग्राइंडिंगचा गॉगल घातला होता, सवयीनं. भाच्यानं घातला नव्हता, आणि तो माझ्या उजव्या हाताला दीड हातावर उभा होता. गालावर लाल टिकली उठली, दुसऱ्या दिवशी गेली. डोळ्याच्या बुबुळाला ती सवलत नसते.

तरीही मी थांबलो नाही, थांबवलं ते कॅलेंडरनं. आठवडाभरात शे-दोनशे गोळ्या मारून झाल्या असतील, तेव्हा हे आपोआप सुटणं घडलं. उघडून पाहिलं. चापाच्या आत एक छोटा दाता असतो, तो पिस्टनला अडवून धरतो. खेळण्यात तो जस्ताच्या डायकास्टिंगचा. आमच्याकडं फौंड्रीतलं लहान पोरगंही सांगेल की असलं कास्टिंग धारेवर मार सोसत नाही. त्याची कड गोल झाली होती. पिस्टन त्यावर टेकायचा आणि घसरायचा. म्हणजे मी जोर वाढवला नुसत्या गोळीचा नव्हे, तर त्या दात्यावरचा, पिस्टनच्या शेपटीवरचा आणि प्लास्टिकच्या बॉडीवरचाही. बॉडीला पिनेच्या भोकाजवळ केसासारखी भेग दिसली.

पहिला विचार काय आला सांगू? दाता स्टीलचा करू. एक तासाचं काम. मग पिस्टन मोडेल, तो करू. मग बॉडी फुटेल. या रस्त्यानं गेलं की शेवटी मूळ पिस्तुलातला फक्त स्टिकर उरतो.

भाचा मात्र वेगळ्याच रस्त्याला होता. त्याला कुणीतरी सांगितलेलं, स्प्रिंगचं काय घेऊन बसलात, गॅसचं पिस्तूल घ्या आणि त्यात जास्त ताकदीचा गॅस भरा. ग्रीन गॅस म्हणून जो विकतात तो मुळात प्रोपेन, थोडं सिलिकॉन तेल घातलेला. प्रोपेनचा दाब २० अंशांना साधारण ८ बार, म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या कंप्रेसरएवढा. ४० अंशांना तोच १३ च्या वर जातो. कार्बन डायऑक्साइडचा २० अंशांनाच ५७ बार. कमी दाबाच्या गॅससाठी केलेल्या प्लास्टिकच्या स्लाइडमागं हे लावलं तर स्लाइड तुटून ज्या बाजूला उडते, तिकडं मारणाऱ्याचं तोंड असतं. त्यावर भाचा गप्प झाला. दहा मिनिटं.

मग म्हणाला, "बरं, ते केशरी टोक तरी काळं करा की ओ मामा. खोटं दिसतंय."

हे खेळणं आहे हे ओळखू यावं म्हणून नळीच्या तोंडाला केशरी प्लास्टिक असतं, ते. यात धोका काहीच नाही असं मलाही वाटलं. रंगाचा एक हात तर मारायचा. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतले. त्यांना गंमत म्हणून पिस्तूल दाखवलं. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या तोंड जमिनीकडं केलं, बोट चापाबाहेर ठेवलं, मॅगझिन काढलं, स्लाइड ओढून आत बघितलं. मग बोलले. "बाळ, हे टोक काळं केलास तर दहा पावलांवरून मलाबी ओळखू यायचं नाही. आणि मी तर चष्मा लावून निवांत बसलोय. ज्याच्या हातात खरं असतंय, त्याला एवढा वेळ नसतोय."

२०१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला टमीर राइस नावाच्या १२ वर्षांच्या पोराला पोलिसांनी गोळी घातली. त्याच्याजवळ एअरसॉफ्टचं पिस्तूल होतं, केशरी टोक निघालेलं. पोलिसांची गाडी थांबल्यापासून गोळी सुटेपर्यंत दोनेक सेकंद. हे पिस्तूल आलं तेव्हा भाचा तेराचा होता. मी त्याला ही गोष्ट सांगितली नाही, त्याच्या आईला सांगितली.

आपल्याकडं अमेरिका कशाला आणता, असं म्हणाल. तर ऐका. निवडणुकीच्या दिवसांत आम्ही चंदगडकडं पाहुण्यांकडं निघालो होतो. शिनोळीच्या अलीकडं नाकाबंदी. डिकीतली पिशवी उघडायला लावली, आणि भाच्यानं न सांगता पिस्तूल त्यातच टाकलेलं. हवालदार एक पाऊल मागं सरला, हे मी बघितलं. "एनिदु?" म्हणजे हे काय, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं. मी हात दिसतील असे ठेवून म्हटलं, "आटद सामान री," खेळणं आहे हो. त्यानं केशरी टोक बघितलं, प्लास्टिकच्या गोळ्यांची डबी हलवून बघितली आणि हसला. त्या एक इंचाच्या प्लास्टिकवर आमचं जेवण वेळेत झालं.

घरी येऊन मी नियम वाचले. सीमेच्या अलीकडं कन्नड पाटी, पलीकडं मराठी, पण १९५९ चा शस्त्र कायदा केंद्राचा, दोन्हीकडं तोच. २०१६ च्या नियमांत हवेच्या हत्याराला परवाना लागण्यासाठी दोन आकडे आहेत: २० ज्यूलच्या वर ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरच्या वर नळी. ज्यूलच्या बाबतीत आम्ही खूपच खाली. नळी मात्र ६ ची. हे वाचून मी दुकानदाराची 'टॉय' लिहिलेली पावती शोधून कपाटात आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली, आणि त्यापुढं वर्कशॉपमध्ये त्या पिस्तुलाचा एकही भाग नेला नाही.

जुनी स्प्रिंग परत बसवली. दाता कंपनीचाच नवा मागवला. नळी आतून नीट पुसली, गोळीला उलटी फिरकी देणारं रबर झिजलं होतं ते बदललं. फिरकीमुळं गोळी हवेत जरा जास्त वेळ सरळ राहते, आणि भाच्याचा नेम मुळात त्या रबरामुळं चुकत होता, ताकदीमुळं नव्हे. आता पाच मीटरवरची काडेपेटी दहातल्या सात वेळा पडते. गॉगल दोघांनाही, मागं जुनं गोणपाट टांगलेलं.

"आवाज कमी झाला ओ मामा," एवढंच तो म्हणाला.

जाड स्प्रिंग माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याला सांगितलंय, मोडली म्हणून.