रिचमंडचं रोझी स्मारक: पुतळा शोधू नका, जहाजाची लांबी चालून पाहा

सॅन फ्रान्सिस्कोसमोर, खाडीच्या पलीकडे, रिचमंड शहरातल्या मरीना बे पार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत राबलेल्या अमेरिकी स्त्रियांचं स्मारक आहे. 'रोझी द रिव्हेटर', म्हणजे रिव्हेट (लोखंडी खिळे) ठोकून पत्रे जोडणारी रोझी, हे त्या स्त्रियांचं टोपणनाव. बे एरियात मुलांकडे आलेल्या मंडळींना अर्ध्या दिवसात जमणारी ही सहल आहे. पण तयारी न करता गेलं तर हमखास निराशा होते. डोक्याला लाल रुमाल बांधून दंड दाखवणारी पोस्टरवरची बाई इथे पुतळ्याच्या रूपात असेल, असं बहुतेक जण धरून येतात. ती इथे नाही. इथे आहे एका जहाजाची लांबी.

दुसरा घोळ पत्त्याचा होतो. 'रोझी द रिव्हेटर' या नावाने नकाशात दोन ठिकाणं सापडतात. राष्ट्रीय उद्यानाचं अभ्यागत केंद्र हार्बर वे साउथ रस्त्याच्या टोकाला, फोर्डच्या जुन्या मोटार कारखान्याला लागून आहे. स्मारक मात्र रिगाटा बुलेव्हार्डजवळ, मेलव्हिल स्क्वेअरला. दोन्हींमध्ये पाण्याच्या कडेने जाणारी बे ट्रेल ही पायवाट आहे, रमतगमत अर्धा तास लागतो. आधी केंद्र आणि मग स्मारक, हाच क्रम ठेवा. केंद्रातले लघुपट आणि शिपयार्डातल्या, म्हणजे जहाजं बांधण्याच्या कारखान्यातल्या, वस्तू पाहिल्याशिवाय स्मारकावरचे फोटो नुसते जुने फोटो वाटतात. केंद्राला प्रवेश मोफत आहे; वेळा निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

स्मारक ज्या जमिनीवर आहे तिथे उद्योगपती हेन्री कायझर यांचं दोन नंबरचं शिपयार्ड होतं. रिचमंडच्या चार यार्डांनी मिळून युद्धकाळात ७४७ जहाजं बांधली. नोव्हेंबर १९४२ मध्ये याच दोन नंबरच्या यार्डातून 'रॉबर्ट ई. पेरी' हे लिबर्टी जहाज (युद्धासाठी एकाच नमुन्यावर झपाट्याने बांधलेलं मालवाहू जहाज) कणा ठेवल्यापासून ४ दिवस १५ तासांत पाण्यात उतरलं. हा वेग शक्य झाला तो मोठमोठे भाग आधीच जोडून ठेवण्यामुळे. भाग जमिनीवर असताना क्रेनने हवा तसा उलटवता येतो, त्यामुळे सांधा वेल्डरच्या हाताखाली, आडवा येतो. डोक्यावरच्या सांध्यात वितळलेला धातू अंगावर गळतो आणि तिथे बसलेला हात लागतो. आडवा सांधा नवशिक्याला लवकर जमतो. पूर्वी कधी कारखान्यात पाऊल न टाकलेल्या बायका थोड्या प्रशिक्षणावर यार्डात उभ्या राहू शकल्या, त्यामागे हे मोठं कारण आहे. नाव रिव्हेटवालीचं असलं तरी रिचमंडच्या बायका मुख्यतः वेल्डर होत्या. त्या काळचं कामगारांसाठीचं पाळणाघर आणि कायझरचं रुग्णालय यांच्या इमारतीही याच उद्यानाचा भाग मानल्या जातात.

दृश्यकलाकार सुझन श्वार्टझेनबर्ग आणि भूदृश्य-रचनाकार शेरिल बार्टन यांनी केलेलं हे स्मारक ऑक्टोबर २००० मध्ये खुलं झालं. बांधकाम चालू असलेल्या जहाजाची आठवण देणारे पोलादी सांगाडे, त्यांच्या शिड्यांसारख्या चौकटींत बसवलेले फोटो आणि कागदपत्रं, आणि पाण्यापर्यंत सरळ जाणारी वाट. या वाटेची लांबी लिबर्टी जहाजाइतकी, ४४१ फूट, म्हणजे सुमारे १३४ मीटर आहे. वाटेवर युद्धाचा कालक्रम आणि कामगार बायकांची वाक्यं कोरली आहेत. खाली बघत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता एकदा चाला. वाचन परत येताना करा. ४४१ फूट हा आकडा पायांनाच कळतो. सांगाड्यासमोर उभं राहून फोटो काढून परतणाऱ्यांना स्मारक दिसलेलंच नसतं.

वाटेतले दोन वाफे, एक रॉकरोझ झुडपांचा आणि एक वाळूवरच्या गवताचा, जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या हॅचच्या, म्हणजे माल उतरवण्याच्या तोंडांच्या, जागी आहेत. परत येताना इथे जरा थांबा. लिबर्टी जहाजांना तडे गेले ते अनेकदा हॅचच्या चौकोनी कोपऱ्यातून, कारण ताण तिथे एकवटतो. रिव्हेट केलेल्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी थांबू शकतो. वेल्ड केलेलं कवच सलग असल्याने तो पुढे धावत जातो. दोष वेल्डिंग करणाऱ्या नवख्या हातांवर ढकलला गेला. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की मूळ कारण पोलादात होतं: थंड पाण्यात ते ठिसूळ बनत होतं. वेल्डर बायकांच्या स्मारकात हे माहीत असायलाच हवं.

बाजू आणखी एक आहे. कृष्णवर्णीय कामगारांना बॉयलरमेकर्स या शिपयार्ड कामगारांच्या युनियनने वेगळ्या शाखेत ठेवलं होतं. बेटी रीड सॉस्किन यांनी तशाच एका शाखेच्या कचेरीत कारकुनी केली आणि पुढे याच उद्यानात रेंजर (उद्यानाची माहिती देणारी कर्मचारी) म्हणून तो इतिहास लोकांना सांगितला. २०२२ मध्ये, वयाच्या १०० व्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. केंद्रात त्यांचं नाव काढून रेंजरना प्रश्न विचारा, पाट्यांपेक्षा जास्त मिळतं.

जायचं कसं? सॅन फ्रान्सिस्कोहून फेरी उत्तम. ती फोर्डच्या कारखान्याजवळच लागते आणि केंद्र तिथून चालत काही मिनिटांवर. आठवड्याच्या दिवशी फेऱ्या नोकरदारांच्या वेळांना धरून असतात, म्हणून परतीची फेरी आधी ठरवा आणि मग उरलेला दिवस आखा. बार्टने, म्हणजे बे एरियाच्या लोकल रेल्वेने, रिचमंड स्थानकावर उतरलात तर पुढे बस किंवा टॅक्सी लागते. वृद्धांना घेऊन चालत निघू नका. मोटारीने येणाऱ्यांनी आय-५८० महामार्गावरून मरीना बे पार्कवेचा फाटा घ्यावा. तिथे रेल्वेखालून भुयारी रस्ता आहे. हार्बर वेवर मात्र फाटक लागतं आणि लांबलचक मालगाडी आडवी आली की फेरी चुकू शकते.

दुपारनंतर खाडीचा वारा जुलैतही बोचतो. साडीवर शाल पुरत नाही, वारा अडवणारं जाकीट घ्या. खाण्याचा डबा बरोबर ठेवा, आणि स्वच्छतागृह केंद्रातच उरकून निघा.

'रेड ओक व्हिक्टरी' हे १९४४ साली रिचमंडलाच बांधलेलं जहाज तीन नंबरच्या यार्डात उभं आहे. ते चालत जाण्यासारखं नाही, मोटार हवी, आणि रोज उघडं नसतं. आत जिने उभे व अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी डेकवरच थांबावं. ज्यांना उतरता येईल त्यांनी इंजिनाची खोली चुकवू नये.