पुढे सगळं एकत्रच टाकतात ना?

"ताई, एवढं वेगळं करून उपयोग काय? पुढे गाडीत सगळं एकत्रच टाकतात ना?" मला हे लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, दातांच्या डॉक्टरांनी तर मी आ वासून पडलेली असताना विचारलं. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं कचऱ्याचं काम मी बघते, एवढं समोरच्याला कळलं की पुरतं. विचारणाऱ्यांत दोन जाती आहेत. एकाला खरंच जाणून घ्यायचं असतं, दुसऱ्याला दुसरा डबा न घेण्यासाठी सबब हवी असते. प्रश्न दोघांचा एकच असल्यामुळे उत्तरही दोघांना एकच देते. हो, काही ठिकाणी होतं एकत्र. आमच्याकडे होत नाही. आणि ते होत नाही याचं श्रेय आमच्या संस्कारांना नाही, व्यवहाराला आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे कचरा घ्यायला मावशी येतात. त्या महापालिकेच्या नोकर नाहीत आणि कुठल्या ठेकेदाराच्याही नाहीत. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना 1993 पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं होतं, त्यांचा आधार होता, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून वस्त्यांमध्ये पोचलेल्या कार्यकर्त्या होत्या. त्याआधी या बायका उकिरड्यावर वेचायच्या आणि चोर म्हणून हाकलल्या जायच्या. त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. संस्था वेचकांच्याच मालकीची. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, त्याचे महिन्याचे पैसे घरटी गोळा करायचे, आणि सुक्यातलं जे विकलं जाईल त्याचा पैसा ज्याचा त्याने ठेवायचा.

या शेवटच्या कलमात सगळं आलं. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की भंगारवाला तो हातात घेत नाही. म्हणजे ओलं-सुकं एक झालं की मावशींच्या पदरचे पैसे जातात. त्या कशाला एकत्र करतील? त्यांना पर्यावरणाचं व्याख्यान द्यावं लागत नाही. द्यायचंच झालं तर त्याच आपल्याला देतील.

एकदा खाली येऊन बघा त्यांचं काम. पार्किंगच्या मागच्या बाजूला ताडपत्री पसरतात आणि सुक्याचं पोतं उपडं करतात. प्लास्टिक ओळखायची त्यांची पद्धत म्हणजे चुरगळून आवाज ऐकणे. कडक वाजलं तर एका पोत्यात, मऊ आणि ताणलं जाणारं दुसऱ्यात. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून काढतात, कारण बाटलीचं प्लास्टिक वेगळं आणि झाकणाचं वेगळं, भावही वेगळे. दुधाची पिशवी उलटी करून आत बोट फिरवतात. धुतलेली निघाली तर ठीक, नाहीतर दुपारपर्यंत ती अशी आंबते की शेजारचं सगळं पोतं वास मारतं. चिप्सचं पाकीट आलं की न बघताच बाजूला फेकतात. आतला तो चंदेरी थर प्लास्टिकपासून सुटत नाही, म्हणून त्याला बाजारात कोणी विचारत नाही. आपण ज्याला सरसकट 'सुका कचरा' म्हणतो, त्याच्या या ताडपत्रीवर आठ-दहा ढिगाऱ्या होतात, आणि त्यातल्या दोन-तीनच खऱ्या पैशाच्या असतात.

तिथे उभी राहून मी जे शिकले ते कुठल्या पत्रकात वाचलं नव्हतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून सुटा करू नका, नुसती चीर द्या. तो चिमटीएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, तो सरळ गटारात जातो. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहून द्या. मावशींच्या उजव्या तळव्यावर एक पांढरा व्रण आहे, तो कोणाच्या तरी फुटलेल्या बरणीचा. हातमोजे दिले तर घालत नाहीत, "आवाज येतो ताई, पण पोत कळत नाही," म्हणतात. यावर आमचा वाद कायम आहे.

आता जिथे एकत्र होतं तिथलं. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असले तर वेगळं करून त्याला काय मिळणार? उलट ओलं-सुकं दाबून भरलं की फेऱ्या वाचतात आणि ओल्यामुळे वजनही वाढतं. घंटागाडीवरच्या पोराला शिव्या देणारे लोक मला आवडत नाहीत ते यामुळे. त्याला जसं सांगितलंय तसं तो करतो. शिवाय आपण देतानाच मिसळून दिलं असेल तर त्याने गाडीत काय वेगळं करायचं? दहा घरांनी नीट दिलं आणि अकराव्याने डायपर, भात आणि रद्दी एका काळ्या पिशवीत बांधून दिली, की त्या पिशवीपायी पहिल्या दहांचा उद्योग वाया. पण 'एकत्रच करतात' ही तक्रार बहुतेक वेळा त्या अकराव्याकडूनच येते, असा माझा अनुभव आहे.

ओल्याचं गणित निराळं. त्याला भाव नाही. घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वजन त्याचंच, आणि सगळी घाणही त्याचीच. ते शहराबाहेर नेऊन टाकलं की वरच्या ढिगाखाली हवेशिवाय कुजतं आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापवतो. कचरा डेपोंना आगी लागतात त्यात त्याचा हात असतो. खाली झिरपतं ते काळं पाणी वेगळंच. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊन पडला. तिथल्या विहिरी खराब झाल्या. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या, आणि त्या अडल्या की चार दिवसांत आपल्या पेठांमध्ये आणि डेक्कनवर कंटेनर ओसंडायला लागायचे. तेव्हा वर्तमानपत्रांत मथळे यायचे 'पुण्याची कचराकोंडी'. फुरसुंगीची कोंडी त्याआधीपासून चालू होती, तिला मथळा नव्हता.

म्हणून ओलं आवारातच जिरवायचं, हे आम्ही ठरवलं. आमच्यावर सक्ती नव्हती. तेव्हाच्या, 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे रोज शंभर किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक म्हणत, आमचा तेवढा होत नव्हता. सर्वसाधारण सभेत मी भूजल, मिथेन, फुरसुंगी सगळं सांगून बघितलं. लोक ऐकून घेत होते, चहाची वाट बघत होते. मग खजिनदारांनी चष्मा काढून सांगितलं की खतप्रकल्प चालू ठेवला तर महापालिकेच्या मिळकतकरात, म्हणजे त्यातल्या सर्वसाधारण करात, 5 टक्के सवलत मिळते, आणि सोलर किंवा पावसाचं पाणी जिरवण्याची सोय जोडीला असेल तर 10 टक्के. ठराव एकमताने मंजूर. अनुमोदन देणारे गृहस्थ आदल्या सभेत "आमच्या खिडकीखाली उकिरडा नको" म्हणून उठून गेले होते. मला यात काही वावगं वाटत नाही. माणसं पैशासाठी का होईना चांगलं वागली तर वागू द्यावीत.

खत करणं अवघड नाही, पण त्याच्याकडे रोज बघावं लागतं. विटांमध्ये फटी ठेवून बांधलेले हौद, म्हणजे हवा खेळते. ओल्याचा एक थर, सुक्या पानांचा एक थर. पानं कमी पडली की वास आलाच म्हणून समजा. वास म्हणजे हवा कमी आणि पाणी जास्त, एवढं लक्षात ठेवलं की निम्मी भांडणं टळतात: पानं टाका, वरखाली करा, दोन दिवसांत जातो. नीट चाललं असेल तर ढिगाच्या पोटात हात ठेववत नाही इतकं तापतं, आणि हिवाळ्यात सकाळी त्यातून वाफ निघते. पहिल्या पावसाळ्यात करड्या, जाड अळ्या झाल्या आणि दोन मजल्यांवरून किंकाळ्या आल्या. त्या 'ब्लॅक सोल्जर' नावाच्या माशीच्या अळ्या. ही माशी चावत नाही, आपल्या अन्नावर बसत नाही, आणि अळ्या कचरा असा फस्त करतात की आपण बघत राहावं. पण हे पहिल्या मजल्यावरच्या काकूंना पटवायला मला जेवढं बोलावं लागलं तेवढं मी स्वतःच्या लग्नाच्या वेळीही बोलले नव्हते.

पानांची एक गोम आहे. ती झडतात फेब्रुवारी ते एप्रिल, आणि सगळ्यात जास्त लागतात पावसाळ्यात. म्हणून उन्हाळ्यात पोती भरून जिन्याखाली कोरडी ठेवावी लागतात. पूर्वी आमच्याकडे पानं झाडून कोपऱ्यात पेटवायचे आणि अख्ख्या सोसायटीला खोकला लागायचा. आता शेजारच्या बंगल्यातून आम्ही मागून आणतो. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आहे, तो ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांची गाठ ज्यांना हवीत त्यांच्याशी घालून देतो. इतका साधा विचार, पण कोणीतरी करावा लागतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. सुरुवातीला आमच्याकडे स्वयंसेवकांची रीघ होती. पाळ्या लावल्या, व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, हौदापाशी फोटो काढले. मग परीक्षा आल्या, कोणाची सासू आजारी पडली, कोणाची बदली झाली. यात कोणाचा दोष नाही, शहरातल्या माणसाकडे सकाळी वेळ नसतोच. तेव्हा आम्ही पाळ्या बंद केल्या आणि हौदाचं काम मावशींना जादा पैसे ठरवून दिलं. मेंटेनन्समध्ये घरटी जी वाढ झाली ती एका पिझ्झ्याहून कमी आहे. तेव्हापासून काम एक दिवस अडलेलं नाही. हरित जीवनशैली, लोकसहभाग वगैरे शब्द ज्या कार्यक्रमांत फार येतात, तिथे मजुरीचा विषय सहसा निघत नाही, आणि माझ्या मते तिथेच ते कार्यक्रम मरतात. उत्साह उद्घाटनाला पुरतो. रोजचं काम ज्याच्या हातून व्हायचं त्याला त्याचे दाम मिळाले पाहिजेत. मग आपण बाकीच्यांनी सहभाग म्हणजे काय करायचं? आपला डबा नीट द्यायचा, सभेला यायचं, महिन्याचे पैसे वेळेवर द्यायचे. मावशींना पैशासाठी दोन-दोन खेपा घालायला लावणारी घरं कमी नाहीत, आणि त्यातल्या काहींच्या दारावर कापडी पिशव्यांचे स्टिकर आहेत.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हा सगळ्यात अवघड भाग. 2017 च्या सुमारास 'स्वच्छ'ने लाल ठिपक्याची मोहीम काढली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. एवढंच. म्हणजे उघडून बघायची वेळ कोणावर येत नाही. मी हे सभेत मांडलं तेव्हा सगळे पुरुष एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. शेवटी एका आजींनीच खडसावलं, "अरे, तुमच्याच घरातलं आहे ना ते? मग त्या बाईने का उघडायचं?" त्यानंतर लाल स्केचपेन प्रत्येक मजल्यावर दोरीला बांधून ठेवलं. चोरीला जातं अधूनमधून. पुन्हा बांधतो.

आणि हो, "मग तुम्ही प्लास्टिक वापरतच नाही का?" हेही विचारता. वापरते. 2018 मध्ये राज्यात पिशव्यांवर बंदी आली तेव्हा महिनाभर मंडईत सगळे शहाणे झाले होते, मग पुन्हा पातळ पिशव्या गाड्यांखालून निघायला लागल्या. बांबूचे ब्रश आणि 'इको' म्हणून दुप्पट भावाने विकलेल्या वस्तूंवर माझा फार विश्वास नाही. घरात असलेला डबा घेऊन इडलीचं पीठ आणायला जा, ते जास्त उपयोगी आहे.

तर तुमच्याकडे पुढे एकत्र होतं की नाही, हे मला घरबसल्या सांगता येणार नाही. गाडी किंवा मावशी येतात त्या वेळी दोन-तीन सकाळी खाली उभे राहा आणि बघा. मिसळत असतील तर गाडीवरच्या माणसाशी भांडू नका. तुमच्या भागाची आरोग्य कोठी, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामाची चौकी, कुठे आहे ते शोधा, तिथे मुकादम बसतात. तिथे नाही ऐकलं तर क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. एकटे जाऊ नका. चार घरांतली चार माणसं गेली की खुर्ची मिळते, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज असेल तर चहासुद्धा. जाण्याआधी मात्र आपल्या मजल्यावरच्या काळ्या पिशव्या एकदा मोजून घ्या, कारण तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.