चार एक पाच

मागच्या श्रावणात मला पॅरालिसिसचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला आणि वाचाही. कराडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी लेकीनं पेपर समोर धरला, तर अक्षरं म्हणजे नुसती काळी चित्रं. सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत बाराखडी शिकवली मी, आणि मलाच 'क' ओळखू येईना. त्या दिवशी जेवढी रडले तेवढी आयुष्यात रडले नव्हते.

वाचाघातावरचे उपचार पाढ्यांपासून सुरू झाले. 'बे एके बे' असं कुणी सुरू करून दिलं की पुढचं घडाघडा यायचं. पण आठचा आकडा दाखवून "हे काय?" विचारलं की तोंडाला कुलूप. पाठ असलेली माळ अशा आजारात बऱ्याचदा शाबूत राहते. मग एकपासून मोजत यायचं आणि आठवर थांबायचं. पाच महिने हेच केलं.

3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मी पुन्हा खोपींवर गेले. त्यांचं नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातलं; त्या दिवशी घरात बसवेना. बीडकडची ऊसतोड टोळी दर हंगामाला आमच्या गावाशेजारी उतरते. पंधरा ते वीस वयाची सहा पोरं-पोरी गेल्या हंगामापासून माझ्याकडं वाचायला बसतात. पहाटे अंधारात फडावर, संध्याकाळी मोळ्या भरून झाल्या की पाटी. पंधरा वर्षांवरच्यांसाठी सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमाची 150 गुणांची परीक्षा असते हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांना तिचं फारसं काही वाटलं नाही. त्यांना उसाच्या वजनकाट्याची पावती वाचायची होती, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं. मजुरी टनावर, आणि उचल किती फिटली ते मुकादमाच्या वहीत. वही वाचता येत नसेल तर माणूस विश्वास ठेवतो, दुसरं काय करणार?

दोन आठवड्यांनी टोळीतला सतरा वर्षांचा पोरगा पावती घेऊन आला. पाचटानं चिरलेलं बोट ओळीवर फिरवत 'निव्वळ वजन'पाशी अडला. "नि... व..." पूर्वी मी पटकन शब्द पुरा करून द्यायचे. आता तो शब्द मलाच फुटेना. दोघंही गप्प. त्यानं बोट मागं नेलं, अर्ध्या 'व'वर ठेवलं, मग पुऱ्या 'व'वर. "निव्... वळ. निव्वळ!" भाकरी थापणारी त्याची आई हात थांबवून बघत राहिली.

निव्वळ वजन 2 टन 415 किलो. मुकादमाकडून मागून आणलेली वहीही त्यानं शेजारी उघडली. मला तिथं 145 दिसलं. माझ्या छातीत धडधडलं. आजारापासून माझ्या डोळ्यांपुढं आकडे उलटसुलट होतात, 'ध'चा 'घ' होतो. मुकादमावर आळ घ्यायचा आणि चूक माझ्या डोळ्यांची निघायची! काय बोलावं कळेना. वहीवर डावा हात ठेवून एवढंच म्हणाले, "तू... वाच."

त्यानं दोन्ही आकडे बोटाखाली धरले. सावकाश वाचले. "बाई, पावतीत चार एक पाच हाय. वहीत एक चार पाच."

"पुन्हा."

"चार एक पाच. एक चार पाच." मग तोच पुटपुटत वजाबाकी करू लागला. 270 किलो.

मुकादमानं मुद्दाम केलं की अंधारात घाईनं लिहिताना झालं, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पावती दाखवल्यावर त्यानं आकडा खोडून नीट लिहिला.

पण त्या संध्याकाळी पोरगा तेवढ्यावर उठला नाही. माझ्याकडून एक कोरी वही घेतली. कोयता धरून घट्टे पडलेल्या हातात पेन काही नीट बसेना, तरी 2 टन 415 लिहिलं. मग वर बघून म्हणाला, "बाई, आज तारीख किती?"

तारीख मला माहीत होती. ओठांवर येईना. मी डोळे मिटले आणि एकपासून सुरुवात केली. एक, दोन, तीन... चारला सगळी पोरं माझ्याबरोबर मोजायला लागली. सतरावर मी हात वर केला. सगळी थांबली, आणि त्यानं वहीत 17 लिहिलं.