यंदा तरी जिंकणार का? तुम्ही विचारलंत म्हणून

बँकेतले सहकारी विचारतात, भाचा विचारतो, हळदीच्या मांडवात जेवणाच्या पंगतीत लांबचे मामा विचारतात. ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या फुटबॉल क्लबचा मी पाठीराखा, त्यामुळे प्रश्न दोनच. पहिला : "भुसावळचा माणूस तू, मग काबरं भो, हे ईस्ट बंगाल कुठून काढलं?" आणि त्याचं उत्तर नीट ऐकून न घेताच दुसरा : "बरं, यंदा तरी जिंकणार का तुझं बंगाल?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. या फॅक्टऱ्यांचा कारभार तेव्हा कोलकात्याहून चालायचा, त्यामुळे बदलीवर येणाऱ्यांत बंगाली कुटुंबं असायचीच. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले काका त्यातलेच. त्यांचं घराणं मूळचं पूर्व बंगालमधल्या बारिसालचं, फाळणीत सगळं मागे टाकून आलेलं. ईस्ट बंगाल क्लब 1920 सालचा. जोराबागान क्लबने कोलकात्याच्याच मोहन बागान क्लबविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला वगळलं, त्या रागात उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि 1 ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला. म्हणजे जन्मच मुळी रुसव्यातून. पुढे फाळणी झाली आणि पूर्वेकडून आलेल्या लाखो निर्वासितांना हा क्लब आपल्या घरासारखा झाला. काकांना मी विचारलं होतं, तुम्ही कोलकात्यात कितीसे राहिलात? ते म्हणाले, कोलकात्याचा संबंध काय, आमचं गाव गेलं, नाव राहिलं, ते या क्लबात आहे.

जुलै 1997. फेडरेशन कपची उपांत्य फेरी, कोलकात्याचं साल्ट लेक स्टेडियम, समोर कट्टर विरोधक मोहन बागान. मैदानात एक लाख एकतीस हजार माणसं होती, वरणगावच्या आख्ख्या वस्तीपेक्षा कितीतरी जास्त. सामन्याआधी बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता आमच्या पोरांची टर उडवत होते. बायचुंग भुतियाला 'चुंगचुंग', ओमोलोला 'ऑमलेट'. काका संध्याकाळी एसटीडी बूथवर गेले, कोलकात्याला भावाला फोन लावला, आणि परत येताना दुरूनच चार बोटं दाखवत आले. चार-एक. त्यात चुंगचुंगचे तीन. ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश मासा खायचा, पण तो वरणगावात कुठून मिळणार, म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारातून रोहू आणला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. आई पंगतीत वरणभातच जेवली. मी मासा खाल्ला आणि तिथेच काय ते ठरलं.

"पण मुंबई सिटी का नाही, आपल्या महाराष्ट्राची टीम आहे ना?" हे भाचा विचारतो. त्याला मी म्हणतो, बाबा, मुंबई सिटीच्या अंधेरीच्या मैदानावर जायलाही मला गाडीच पकडावी लागते आणि हावड्याला जायलाही. गीतांजली आपल्या स्टेशनवर थांबते, दुसऱ्या दिवशी हावडा. उरला फरक अंतराचा, आणि भुसावळच्या माणसाला अंतराचं काय सांगता!

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं बोलायचंय ते त्यावरच. हे लिहितोय जानेवारी 2026 मध्ये. माझं मत असं की ईस्ट बंगालला मोहन बागान आडवं येत नाही. आडवं येतं ते मोहन बागानचं वेड.

थोडा हिशेब बघा. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल लीगमध्ये आम्ही 2020 साली आलो. तेव्हापासून 2024-25 पर्यंत लीगमध्ये बागानशी दहा सामने झाले. नऊ हरलो, एक 2-2 असा बरोबरीत सुटला. यावर लोक हसतात, हसू देत. पण लीगबाहेरच्या छोट्या कप स्पर्धांत बघा : ऑगस्ट 2023 मध्ये ड्युरँड कपात नंदकुमारच्या गोलवर 1-0, जानेवारी 2024 मध्ये सुपर कपात 3-1, ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा ड्युरँडला दियामांताकोसच्या दोन गोलांवर 2-1. म्हणजे बागानला हरवता येत नाही असं नाही. एक दिवस, एक सामना, जीव तोडून खेळायचं म्हटलं की आमची टीम खेळते. 2024 चा सुपर कप तर आम्ही भुवनेश्वरला जाऊन ओडिशाच्याच घरी जिंकला, जादा वेळेत क्लेटन सिल्वाच्या गोलने 3-2. बारा वर्षांनी देशपातळीवरचा चषक आला होता.

पण ड्युरँड 2025 ची पुढची गोष्ट कोणी सांगत नाही, ती मी सांगतो. उपांत्यपूर्व फेरीत बागानला हरवलं, कोलकात्यात दिवाळी. तिसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता डायमंड हार्बरशी. हा क्लब नवा कोरा, आयएसएलमध्ये नसलेला. गटात बागानने त्यांना 5-1 ने धुतलं होतं. आम्ही त्यांच्याशी 2-1 ने हरलो. मग अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने त्याच डायमंड हार्बरला 6-1 ने झोडपलं. ज्यांनी पाच खाल्ले आणि नंतर सहा खाल्ले, त्यांच्या हातून आम्ही बाहेर. रागावायचं कुणावर? खेळाडू तेच, प्रशिक्षक ऑस्कर ब्रुझॉन तोच. रविवारी अंगात आलं होतं, बुधवारी उतरलं.

लीग बुधवारच्या सामन्यांवर जिंकतात. जमशेदपूर, पंजाब, चेन्नईयिन, ज्यांच्या सामन्याला कोलकात्यात मासळीचा भाव वाढत नाही, तिथले गुण मोजले जातात. 2024-25 च्या हंगामात आम्ही पहिले सहाच्या सहा सामने हरलो. सुरुवातीलाच प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात यांनी पद सोडलं, ब्रुझॉन आले. त्यानंतर मोहमेडन या कोलकात्याच्या तिसऱ्या मोठ्या क्लबविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासातच दोघं लाल कार्ड घेऊन बाहेर गेले आणि नऊ जणांनी मिळून 0-0 राखलं. तो सामना मी दोनदा पाहिला, इतका सुंदर बचाव. पण गुण किती मिळाला? एक. हंगाम संपला तेव्हा आमचे गुण 28, नववा क्रमांक. बागानचे 56, साखळीत पहिलं येण्याची ढालही त्यांची आणि अंतिम सामना जिंकून कपही त्यांचाच. बरोबर दुप्पट.

नववा क्रमांक आमचा तसा ठरलेलाच. 2020-21 ला नववे, पुढच्या वर्षी अकरावे म्हणजे तळाला, मग तीन हंगाम सलग नववे. पहिल्या हंगामात लिव्हरपूलचा रॉबी फाउलर प्रशिक्षक होता, तरीही तेच. याचं मोठं कारण माझ्या मते मैदानाबाहेर आहे. किंगफिशर गेल्यापासून दोन वर्षांत एक गुंतवणूकदार, मग दुसरा : 2018 ला क्वेस, 2020 ला श्री सिमेंट, 2022 पासून इमामी. दर वेळी क्लबचे जुने कारभारी आणि नवे पैसेवाले यांच्यात करार कुठल्या कलमावर अडला याच्या बातम्या, आणि तोवर चांगले खेळाडू दुसऱ्यांनी उचललेले. बागाननेही 2020 मध्ये गुंतवणूकदार घेतला, पण तिथे घडी लवकर बसली. उद्योगपती गोएंकांनी पैसा ओतला आणि टिकूनही राहिले. हे बोललं की जुने पाठीराखे चिडतात. चिडोत. 2003-04 नंतर आम्ही देशाची लीग जिंकलेली नाही, त्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली.

गेल्या 7 डिसेंबरला, रविवारी, आसोद्याच्या एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी, पलीकडे पुऱ्या तळायला घेतलेल्या, आणि मी मोबाईल पाण्याच्या जारला टेकवून सुपर कपचा अंतिम सामना बघत बसलेलो. गोव्यात, एफसी गोवाविरुद्ध. नव्वद मिनिटं गोल नाही, एकशेवीस मिनिटं गोल नाही. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा वांग्यांची सालं काढून झाली होती आणि हळूहळू सगळे मोबाईलभोवती गोळा झाले, ज्यांना ऑफसाईड माहीत नाही तेही. मित्राचे वडील काठी टेकून विचारत होते, "आपले कोणते रे, लाल का?" आपले लाल, काका. 6-5 ने हरलो. ते म्हणाले, "जाऊ दे, बारकं अंतर आहे," आणि माझ्या ताटात जास्तीचं भरीत वाढलं. ऑक्टोबरमध्ये आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यातही बागानकडून पेनल्टीवरच गेलो होतो. दोन महिन्यांत दोन अंतिम सामने, दोन्ही पेनल्टीवर. एकशेवीस मिनिटांत सामना मिटवील असा हक्काचा स्ट्रायकर नाही, ही यंदाची खरी दुखरी जागा. मधली फळी मात्र छान आहे : मिगेल फिगेरा चेंडू पायात धरून ठेवतो, साउल क्रेस्पो भरवशाचा, मागे अन्वर अली. अन्वर बागानकडून आमच्याकडे आला तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं.

त्याच शेतात कुणीतरी विचारलं, एवढं काय त्या बागानचं? समोर दोघं भरीताला आसोद्याचं वांगं चांगलं की बामणोदचं यावर हातघाईला आले होते. मी म्हटलं, हे बघा, एवढंच. आमचा इलिश, त्यांची कोळंबी. ज्याची टीम जिंकते त्याच्या माशाचा भाव चढतो.

मात्र या वैराची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन सोळा पाठीराखे गेले. काका त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नसत. आणि ऑगस्ट 2024 मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार आणि हत्येनंतर कोलकाता पेटलेलं असताना सरकारी यंत्रणेने सुरक्षेचं कारण देऊन ड्युरँडमधली डर्बीच, म्हणजे ईस्ट बंगाल-बागान सामनाच, रद्द केली. तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे, सोबत मोहमेडनचेही, साल्ट लेक स्टेडियमबाहेर पावसात एकत्र उभे राहिले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या त्याही एकत्रच खाल्ल्या. बागानच्या जर्सीतल्या पोराच्या खांद्यावर ईस्ट बंगालच्या जर्सीतला पोरगा, असा फोटो तुम्ही पाहिला असेल. मी तो भाच्याला पाठवला. त्याने उत्तर दिलं, "मामा, मग आता भांडणार कुणाशी?" भांडणार बागानशीच. पण ते काय चीज आहे हे ठाऊक असलेल्यांशी भांडायला मजा येते.

यंदाची आणखी एक गंमत. लीग होते की नाही याचीच खात्री नव्हती. फेडरेशन आणि चालवणाऱ्या कंपनीतला करार डिसेंबरमध्ये संपला, नवा झाला नव्हता, आणि खेळाडू कित्येक महिने नुसते सराव करत बसले. मुंबई सिटीमधून तर मँचेस्टर सिटीवाला गटही बाहेर पडला. भाचा दोन दिवस जेवला नाही. आता जाहीर झालंय की 14 फेब्रुवारीपासून चौदा क्लब, 91 सामने, प्रत्येकाशी एकदाच. म्हणजे प्रत्येकाला तेराच सामने. लोकांना हे अर्धवट वाटतंय, मला यात आमची संधी दिसते. चोवीस सामन्यांचा पल्ला आमच्या छातीत नाही. तेरा सामने म्हणजे जवळजवळ कपच. मात्र सहा सामने हरून सुरुवात केली तर मार्चमध्येच खेळ खलास. बागानने डिसेंबर यायच्या आधीच सर्जिओ लोबेरांना आणलंय, ज्यांनी मुंबई सिटीला 2020-21 मध्ये ढाल आणि कप दोन्ही मिळवून दिले होते. तेव्हा ढाल बागानकडे राहिली तर मला नवल वाटणार नाही. गोवाही आहेच, सलग दोन सुपर कप जिंकलेली टीम आहे ती. आमच्याबद्दल माझा अंदाज : चौथा किंवा पाचवा क्रमांक. एवढं झालं तरी आयएसएलमधली आमची सर्वांत चांगली कामगिरी ठरेल.

आणि हो, "यंदा तरी जिंकणार का" असं विचारणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. ईस्ट बंगाल लीग जिंकलंय. 2024-25 ची इंडियन विमेन्स लीग आमच्या मुलींनी जिंकली, पुरुष नवव्या क्रमांकावर होते त्याच हंगामात. अँथनी अँड्र्यूज प्रशिक्षक, पुढे युगांडाची फाझिला इक्वापुट. मग या मुली आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळल्या आणि गेल्या डिसेंबरात काठमांडूला जाऊन दक्षिण आशियाई क्लबांची स्पर्धाही एकही सामना न हरता जिंकून आल्या. त्यांचा खेळ बघा. मोठा विरोधक असो की लहान, चेंडू त्याच जोरात मारतात. माझी पुतणी आठवीत आहे, रेल्वेच्या मैदानावर मुलांत खेळते, तिला मी पुरुषांच्या टीमचे नाही, यांचेच सामने लावून देतो.

तर यंदा डर्बी कधी आहे ते बघून ठेवा, निकाल मला कळवायची गरज नाही, तो मला कळतोच. फोन करायचाच असेल तर डर्बीनंतरच्या सामन्याच्या रात्री करा.