गाडी तापणे आणि चालता चालता बंद पडणे : माझा अनुभव

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती भर रहदारीत. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकलेला मला दिसला होता, आणि पुढच्या काही मिनिटांतच इंजिन कसलाही झटका न देता एकदम बंद झाले. स्टिअरिंग जड झाले. इंजिन थांबल्यावर ब्रेक दाबायला जोर पुरवणाऱ्या बूस्टरची साथ जेमतेम एक-दोन वेळाच मिळते हे ठाऊक असल्याने मी पेडल पुन्हा पुन्हा न मारता एकदाच सलग दाबून धरले आणि गाडी कडेला घेतली. सेल्फ मारला की इंजिन फिरत होते, पण सुरू होत नव्हते. अर्ध्या तासाने मात्र गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

ज्या मेकॅनिकला गाडी दाखवली, त्याने बॉनेट उघडताच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांमधली सील, गेल्याचे सांगितले. हेड उतरवणे हे मोठे काम असल्याने आधी त्याची खात्री करून घ्यावी, असे मला वाटले. इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, ऑइलमध्ये मिसळले की ऑइलच्या पट्टीवर येणारा दुधाळ थर नव्हता आणि सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नव्हता. रेडिएटरच्या तोंडाशी जी रासायनिक चाचणी घेतात, त्यातले निळे द्रव ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर पिवळे पडते. आमच्या चाचणीत ते शेवटपर्यंत निळेच राहिले. (ही चाचणी इंजिन थंड असतानाच झाकण उघडून सुरू करावी लागते. बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त दाबाखाली पाणी १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यामुळे गरम इंजिनाचे झाकण काढले की दाब सुटताच त्याची वाफ होऊन ती थेट अंगावर येते.)

त्यानंतर कोणताही भाग बदलण्याआधी मी दोन आठवडे नोंदी ठेवल्या, आणि या नोंदींनीच खरा माग दाखवला असे मी म्हणेन. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा जागचा हलत नसे. सावकाश रहदारीत किंवा सिग्नलला थांबल्यावर तो चढू लागे. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, थांबल्यावर ते काम एकट्या फॅनवर येते. पाण्याचा पंप किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बिघडला असता तर जोर लागणाऱ्या वेगाच्या प्रवासात गाडी अधिक तापली असती.

दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते. पुढच्या वेळी इंजिन बंद पडले तेव्हा गाडी गिअरमध्ये होती आणि क्लच सोडलेला होता, म्हणजे चाके इंजिनाला फिरवत होती. तरीही आरपीएमचा काटा त्या क्षणी थेट शून्यावर पडला. पेट्रोल कमी पडले असते तर इंजिन आचके देत राहिले असते आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. इंजिन फिरत असताना काटा शून्य दाखवतो, याचा अर्थ इंजिन फिरत असल्याची खबर इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही. ही खबर क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) सेन्सर देतो, आणि ती थांबली की संगणक इंधन व ठिणगी दोन्ही बंद करतो. संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवरही पी०३३५ हा त्याच सेन्सरच्या सर्किटचा कोड निघाला.

फॅनची तपासणी सोपी होती. एसी लावला की तो फिरायला हवा, पण फिरला नाही. फ्यूज शाबूत होता आणि हॉर्नचा तसाच रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) अदलाबदल करून पाहिला तरी फरक पडला नाही. शेवटी मोटारीला बॅटरीतून थेट वीज दिली. तरीही ती गप्पच होती, पण लाकडी काठीने पाते थोडे ढकलताच फिरू लागली. मोटारीतले ब्रश झिजले होते. अशी मोटार कधी चालते, कधी नाही, आणि म्हणूनच आधीच्या तपासणीत ती सुटली असावी.

सेन्सर काढून मल्टीमीटरवर पाहिला. थंड असताना त्याचा रोध नेहमीसारखा आला. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करत गेल्यावर आकडा थोडा वाढला आणि मग एकाएकी सर्किट तुटल्याचे दिसू लागले. निवल्यावर आकडा परत आला. अर्ध्या तासाने गाडी का सुरू होत होती, हे मला तिथे डोळ्यांनी दिसले: फॅन थांबत होता म्हणून बॉनेटखाली उष्णता साचत होती, आणि त्या उष्णतेत सेन्सरच्या आतली तार तुटल्यासारखी वागत होती.

फॅन बदलल्यावर सेन्सर तसाच ठेवता आला असता, असे मला सुचवण्यात आले. मी ते मानले नाही, कारण एकदा उष्णतेने दगा दिलेला सेन्सर पुढच्या कडक उन्हात पुन्हा चालत्या गाडीत दगा देईल. दोन्ही भाग बदलले, रेडिएटरच्या झाकणाचे रबर कडक झाले होते म्हणून तेही बदलले, आणि नवे कूलंट भरताना आत अडकलेली हवा काढली. मग गाडी जागेवर पाऊण तास चालू ठेवली. काटा मध्यावर राहिला आणि फॅन ठरावीक वेळाने लागत-थांबत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरलेली दिसली, उरलेली हवा निघाल्याने. तेवढे कूलंट घातले. त्यानंतर ती पातळी उतरलेली नाही.